मध्यरात्री उडून जाणारी शाई

परवा भाची डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रचत खेळायच्या खेळासाठी आपलं कॅरॅक्टर बनवत बसली होती, फासे, पेन्सिल, खोडरबर, चार-पाच कागद असा सगळा पसारा मांडून. मी सहज विचारलं, काय होणारेस? सॉर्सरर, म्हणाली, म्हणजे त्या खेळातल्या जादूगारांचा एक प्रकार. मग विझार्ड, तो दुसरा प्रकार, का नाही? तर मान वर पण न करता म्हणाली, "विझार्डला रोज पुस्तक घेऊन बसायला लागतं गं मावशी. सॉर्सररच्या अंगातच असतं." आणि खोडरबरचा भुगा फुंकर मारून उडवून दिला. संपलं तिच्यापुरतं. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं, आणि का टोचतंय तेही धड कळेना, कारण तिचं म्हणणं नियमांप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं. विझार्डची जादू बुद्धीवर चालते आणि पुस्तकातून येते, आधी मंत्र तयार करून ठेवायचे मग वापरायचे. सॉर्सररची जादू रक्तातून येते आणि ती चालते कशावर, तर व्यक्तिमत्त्वावर! म्हणजे नुसतं रुबाबात उभं राहिलं तरी आग निघणार. अभ्यास करून करून डोळे फोडून घेणाऱ्या माणसाला याचा राग येणार नाही तर काय.

1974 साली हा गेम आला तेव्हा अंगातच असते वाली सोय नव्हती. जादूगाराने मंत्र पाठ करायचा, तो एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जाणार, मग परत पाठ करायचा. ही कल्पना गेम बनवणाऱ्यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या 1950 च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून उचलली होती. तिथल्या जादूगारांच्या डोक्यात मोठे मंत्र एका वेळी मोजकेच मावतात आणि प्रवासाला निघण्याआधी कुठले चार घेऊ नि कुठले ठेवू याची त्यांना चिंता. मला हे फार आवडतं. जादू म्हटल्यावर माणसाला वाटतं आता कष्ट संपले, आणि इथे बघा, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं घोकणं, ते पण जन्मभर. सॉर्सरर हा वेगळा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, 2000 साली, तिसऱ्या आवृत्तीत आला. कोणीतरी टेबलाशी बसून वैतागून म्हणालं असणार की सारखं सारखं पाठ काय करायचं, आम्हाला नुसतं टॅलेंट द्या.

आणि देऊन टाकलं.

पण मला टोचलं ते वेगळ्याच कारणानं. माझ्या डोक्यात जादूगार म्हटलं की एकच मुलगा येतो. तो जन्मतःच भरपूर ताकद घेऊन आलेला आणि तरीही त्याला पुस्तक घेऊन बसायला लागलं होतं. गेड. उर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’मधला, 1968 चा. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शाळेत होते आणि अर्थातच मला त्यातला ड्रॅगन आवडला होता. अभ्यासाची पानं मी भराभर उलटली होती. आता उलट झालंय, ड्रॅगन आला की मी जरा घाई करते आणि अभ्यासाच्या पानांवर रेंगाळते. वय झालं म्हणायचं, दुसरं काय.

तर तो सात वर्षांचा असताना घराच्या छपरावर चढून बसलेल्या शेळीला त्याची मावशी काहीतरी ओरडून खाली बोलावते. हा ऐकतो. दुसऱ्या दिवशी डोंगरावर शेळ्या चारताना तेच शब्द, अर्थ बिर्थ काही माहीत नसताना, मोठ्यानं म्हणून बघतो. सगळ्या शेळ्या आल्या. एकदम गुपचूप, आवाज न करता, पिवळ्या डोळ्यांतल्या त्या काळ्या आडव्या फटींनी त्याच्याकडे बघत. याला गंमत वाटली, हा हसला, परत ओरडला. मग त्या अजून जवळ आल्या. अंगाला अंग लावून, शिंगं, केस, वास सगळं घेऊन त्याला घेरून उभ्या. आता तो घाबरला आणि पळत सुटला तर त्या पण त्याच्याभोवती तशाच चिकटून पळायला लागल्या, आणि ती सगळी वरात गावात येऊन पोचली, लोक बाहेर येऊन शेळ्यांना शिव्या घालतायत आणि पोरगं मधोमध रडतंय. शेवटी मावशीनं येऊन एक शब्द उच्चारला आणि शेळ्या सुटल्या.

टॅलेंट या गोष्टीचं याहून चांगलं वर्णन मी तरी वाचलेलं नाही. बोलावता येतं, परत पाठवता येत नाही. आणि त्यातलं खरं भीतीदायक म्हणजे दुसऱ्यांदा ओरडणं. पहिल्यांदा कुतूहल होतं, ठीक आहे. दुसऱ्यांदा तो ओरडला कारण पहिल्यांदा जमलं म्हणून. आमच्या वर्गात एक मुलगा होता, गणिताचं उत्तर आधी सांगायचा, स्टेप्स नाहीत. सर विचारायचे कसं आलं, तर म्हणायचा आलं. आम्ही सगळे त्याच्यावर फिदा. स्टेप्सचे मार्क जायचे त्याचे, तर सरांचाच आम्हाला राग यायचा. पुढे एक वेळ अशी आली की उत्तर आपोआप येईना. मला आठवतं ते त्याचं अडणं नव्हे, अडणार सगळेच, मी तर रोजच अडायचे. मला त्याचा चेहरा आठवतो. आम्हाला अडायची सवय होती, त्याला नव्हती. त्यानं गणित सोडलं आणि दुसरंच काहीतरी धरलं, आणि त्यात तो मजेत आहे, तेव्हा यातून कोणी धडा बिडा काढू नका.

गेडला पहिला गुरू मिळाला तो ओगियन. या ओगियनची ख्याती काय, तर त्याने भूकंप शांत केला होता. म्हणजे पोराला वाटणार आता आपल्याला पण विजा पाडायला शिकवणार. तर हा बुवा बोलतच नाही. रानातून चालतो, पाऊस आला तर पाऊस दुसरीकडे ढकलायची ताकद असून झाडाखाली गपचूप आडवा होतो आणि पडू देतो पावसाला. गेड चिखलात भिजत, शिव्या घालत शेजारी. इतर जादूगार ढग इकडून तिकडे हाकलतायत आणि याचा गुरू भिजतोय, ही कसली शक्ती. मग एकदा रस्त्याकडेचं एक रोप दाखवून ओगियन नाव विचारतो, गेडला येत नाही, ओगियनच सांगतो, तर गेड विचारतो याचा उपयोग काय. ओगियन म्हणतो मला तरी माहीत असलेला काही नाही. आधी ते रोप सगळ्या ऋतूंत, मुळापासून बीपर्यंत, दिसायला कसं वासाला कसं ते ओळखायला शीक, मग त्याचं खरं नाव, आणि ते उपयोगापेक्षा मोठं. पोरानं तो तुकडा फेकून दिला. मी पण फेकला असता.

मग तो रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो, तिथे नऊ मास्टर आहेत, वाऱ्याचे, रूपांतराचे, औषधींचे वगैरे. सगळ्यात कंटाळवाणा विषय म्हणजे नावं. त्यासाठी शाळेपासून दूर उत्तरेच्या टोकाला एका मनोऱ्यात जाऊन राहावं लागतं. तिथल्या मास्टरचं नाव कुर्रेमकार्मेरूक, म्हणजे नावापासूनच पाठांतर सुरू. तो याद्या लिहून देतो, नुसत्या नावांच्या, एका एका खाडीच्या, खडकाच्या, समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यांच्या. आणि त्या याद्या मध्यरात्रीच्या आत पाठ व्हायला हव्यात, कारण मध्यरात्री शाई उडून जाते आणि कागद कोरा होतो. परत बघू, उद्या बघू, फोटो काढून ठेवू, काही नाही. कडाक्याची थंडी, अर्धवट अंधार, आणि आत सगळे माना खाली घालून बसलेत.

ही याद्यांची कटकट का, तर त्या जगात जादू ठोक भावात होत नाही. समुद्र शांत हो म्हणून समुद्र शांत होत नाही, कारण समुद्र असं काही एक नसतंच, हा किनारा असतो, ती खाडी असते, त्या खाडीतला तो खडक असतो. ज्याचं नेमकं आणि पूर्ण नाव माहीत आहे तेवढ्यावरच तुमचा ताबा. मला हे वाचताना दर वेळी जरा थांबायला होतं. आपण अभ्यासाला नेहमी टॅलेंटचा गरीब भाऊ समजतो, म्हणजे ज्याच्याकडे अंगभूत नाही त्यानं घासून घासून तिथवर पोचायचं. इथे तसा हिशोबच नाही. पाठांतरानं गेडची ताकद तसूभरही वाढत नाही, ती आधीच भरपूर आहे. तो मनोरा त्याला जग बारीक बारीक तुकड्यांत बघायला लावतो. शेळ्यांच्या वेळी त्यानं ‘शेळ्या’ बोलावल्या होत्या, घाऊक. एकीचंही नाव त्याला माहीत नव्हतं.

आणि हे सगळं शिकूनसुद्धा त्यानं माती खाल्लीच. जॅस्पर नावाच्या एका गुळगुळीत बोलणाऱ्या मुलानं डिवचलं म्हणून टेकडीवर जाऊन रात्री मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावला, आत्म्याबरोबर भलतंच काहीतरी फटीतून आलं, याचा चेहरा फाडला, आणि ती फट बंद करता करता म्हातारा मुख्य जादूगार जिवाला मुकला. सगळे हाच प्रसंग लक्षात ठेवतात. मला जास्त लागतात ती नंतरची दोन-तीन पानं. बरा झाल्यावर तो वर्गात परत येतो तेव्हा बरोबरीचे सगळे पुढे गेलेले असतात, ज्यांच्यावर हा दादागिरी करायचा तेच. हा आता वयाने लहान पोरांबरोबर बसतो. आणि त्यांच्यातही चमकत नाही. साधा नजरबंदीचा मंत्र म्हणताना अडखळतो, जीभ वळत नाही. टॅलेंट कुठेही गेलेलं नाही, आतच आहे, फक्त आता त्याला त्याची भीती वाटते.

आमच्या वर्गातला तो चेहरा मला इथेच आठवतो. फरक एवढाच की गेड बसला. लहान पोरांत, खाली मान घालून, बसला.

माझ्या भाचीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण नुसतं बसणं म्हणजे काही खरं नाही. हॅरी पॉटरच्या सहाव्या पुस्तकात, 2005 च्या, औषधांच्या पहिल्याच तासाचा प्रसंग आहे. हर्मायनी पुस्तकात लिहिलंय ते शब्दन् शब्द पाळतेय, वाफेनं केस पिंजारलेत, घाम फुटलाय, आणि औषधाचा रंग काही पुढे सरकत नाही. हॅरीच्या हाती कोणाचं तरी जुनं गिचमिड केलेलं पुस्तक लागलेलं असतं, त्यात छापील सूचना खोडून समासात लिहिलंय की बी कापू नका, चांदीच्या सुरीच्या सपाट बाजूनं चिरडा, रस जास्त सुटतो. हा चिरडतो, आणि रस बदाबदा बाहेर. पुढे उलट दिशेला सात वेळा ढवळल्यावर एकदा सुलट. झालं, वर्गात पहिला. हर्मायनीचा जळफळाट होतो आणि ती म्हणते हे खरं तुझं नव्हेच. ते बरोबरच आहे, हॅरीनं ना डोकं चालवलं ना मेहनत केली, दोन्ही दुसऱ्याचंच वापरलं. पण तिच्या स्वतःच्या मेहनतीत पण एक खोट आहे, तिला छापील ओळीवर शंका घेता येत नाही. समासात लिहिणारा तो शाळकरी मुलगा मात्र बी कापून, चिरडून, फेकून, परत घेऊन बसला असणार. त्याला काय म्हणणार, हुशार की अभ्यासू? त्या समासात मला तरी दोन्ही वेगळं काढता येत नाही. आणि तो पुढे कसा माणूस निघाला हा वेगळाच विषय, त्यात आज शिरत नाही.

परत गेडकडे येते, कारण याद्यांचं फळ कुठे मिळालं ते सांगायचं राहिलं. शाळेतून बाहेर पडल्यावर तो एका फाटक्या, गरीब बेटावर गावचा जादूगार म्हणून जातो. शेजारच्या पेंडोर बेटावर ड्रॅगन. पिल्लांना तो लढून मारतो, तिथे ताकद कामाला येते. पण मग म्हातारा उठतो, बुरुजाएवढा, किंबहुना आधी बुरुजच वाटलेला. तिथे ताकद बिकद काही चालणार नाही. आणि हा होडीत उभा राहून त्याला एक नाव ऐकवतो. येवॉद. ड्रॅगन जागच्या जागी बांधला जातो. हे नाव आलं कुठून? कोणी सांगितलं नव्हतं, अंतर्ज्ञान नव्हतं. जुन्या इतिहासात कधीतरी वाचलेलं, की पूर्वी ऑस्किल बेटाच्या बाजूला एक ड्रॅगन लूटमार करत होता आणि त्याला एका नावं जाणणाऱ्या जादूगारानं पळवून लावला होता, त्यावरून यानं हिशोब मांडला की हा तोच असणार. अंदाज! जिवावरचा अंदाज, आणि तोही लायब्ररीतला. शाळेत असताना मी ही पानं वाचताना श्वास रोखला होता आणि मला वाटलं होतं वा काय शूर आहे. आता वाटतं, कुठल्यातरी कंटाळवाण्या दुपारी कुठल्यातरी जाडजूड ग्रंथातली एक ओळ यानं टाळली असती, ज्या ओळीवर परीक्षेत प्रश्न येणार नव्हता, तर गोष्ट तिथेच संपली असती.

एवढं झाल्यावर मी खरं तर भाचीला जिंकून दाखवायला हवं होतं, बघ, पुस्तक घेऊन बसणाराच शहाणा. पण मला त्या मावशीचा विचार सोडवत नाही. गेडच्या मावशीचा, जिने शेळ्या सोडवल्या. तिला पुस्तकात नावही नाही. तिला चार मंत्र खरे येतात, बाकी निम्मं थोतांड, आणि कुठलं खरं कुठलं थोतांड हे तिलाही नीट ठाऊक नाही. लेखिका तिच्याबद्दल जरा तुच्छतेनंच लिहिते. गेडच्या गॉन्ट बेटावर म्हणच आहे, बायकांच्या जादूसारखं दुबळं, बायकांच्या जादूसारखं दुष्ट. आता हिला कोणी मनोऱ्यात बसवलं होतं? रोकच्या शाळेत मुली घेतच नाहीत. म्हणजे पोराचं टॅलेंट सात वर्षांचा असताना जिने ओळखलं, पहिले धडे दिले, तिला स्वतःला अभ्यासाची वाटच नव्हती, आणि मग आपण म्हणायचं की तिची विद्या अडाणी. टॅलेंट विरुद्ध अभ्यास असा वाद घालताना आपण हे गृहीत धरून चालतो की अभ्यास म्हणजे ज्याला करायचाय त्यानं करावा, दार उघडंच आहे. दाराचं नाव कोणी काढत नाही.

ले ग्विनला पण हे टोचलं असणार, कारण ती परत परत तिथे आली. 1990 च्या ‘टेहानू’मध्ये गेडची सगळी शक्ती संपलेली आहे, जगाचा महाजादूगार होऊन झालेला माणूस, आता काहीच उरलं नाही म्हणून लाजेनं लोकांना तोंड दाखवत नाही, डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो. पाठ केलेली सगळी नावं तोंडात, आणि एकालाही काही होत नाही. 2001 च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मध्ये तर तिने स्वतःच्याच पहिल्या पुस्तकाच्या मुळाला हात घातला. ओगियनचा तो प्रसिद्ध भूकंप त्याने एकट्यानं थांबवलाच नव्हता, खरं काम त्याच्या म्हाताऱ्या गुरूनं केलं, डोंगराच्या आत जाऊन, जीव देऊन, आणि ती विद्या त्या गुरूला मिळाली होती ती एका बाईकडून. रोकच्या शाळेत शिकवतात त्यातली नव्हे, जुनी, मातीतली. आणि रोकची शाळा स्थापन करणाऱ्यांत बायका होत्या, नंतर त्यांनाच बाहेर काढलं, हेही त्याच पुस्तकात येतं. तेहेतीस वर्षांनी एखादा लेखक आपलंच घर असं उकरतो तेव्हा मला त्याच्याबद्दल फार माया वाटते.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती मी कोणाकडे करू. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या गोष्टीत आयरियन नावाची मुलगी पुरुषाच्या वेशात रोकच्या दारात येते. तिला कळायचंय मी कोण आहे. द्वारपाल तिला आत घेतो, मास्टर लोकांत भांडणं लागतात, निम्मे म्हणतात हाकला. मी पहिल्यांदा वाचत होते तेव्हा मनात म्हटलं, आता बसणार ही. आता हिला यादी मिळणार. तर शेवटी ती मुळात ड्रॅगनच निघते आणि उडून जाते! ‘टेहानू’ पुस्तकातल्या टेहानू या मुलीचं पण तेच, तीही ड्रॅगन. म्हणजे मुलगा असेल तर त्याला टॅलेंट असलं तरी शाळा, चुका, लहान पोरांत बसणं, हळूहळू शहाणं होणं सगळं मिळणार, आणि मुलगी असेल तर एकदम पंख. उडताना दिसतात सुंदर, वाचताना अंगावर काटा येतो, हे सगळं मान्य. पण पंख म्हणजे परत अंगातच असते वालीच सोय झाली की. मला एक मधल्या कुवतीची मुलगी हवी होती त्या मनोऱ्यात, ड्रॅगन बिगन कोणी नसलेली, नाक वाहतंय, बोटं गारठलीत, खाड्यांची नावं एकमेकींत मिसळतायत, अजून अर्धी यादी बाकी आहे आणि मध्यरात्र व्हायला आली. तिला ती पाठ झाली का नाही हे मला जाणून घ्यायचं होतं, आणि ती गोष्ट कोणी लिहिलीच नाही.